दुसरीची मुलगी, पहिलीचं नाव

या लेखात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. नवऱ्याचं नाही, नणंदेचं नाही, शेजारणीचं नाही आणि लेकीचं तर नाहीच नाही. का नाही, ते वाचत गेलात की कळेल. नावांनी माझा आधीच पुरेसा छळ केला आहे.

आम्ही सौदीत रास तनुराजवळ एका कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या भिंतीआडच्या वसाहतीत राहतो. नवरा रिफायनरीच्या कंत्राटी कंपनीत इंजिनिअर आहे आणि मी भारतीय शाळेत फ्रेंच शिकवते. पुण्यात शिकलेलं फ्रेंच, सौदीत बसून, मल्याळी आणि हैदराबादी पोरांना. माझे वडील म्हणायचे, फ्रेंच शिकून काय करणार आहेस, पोळ्या तर मराठीतच लाटाव्या लागणार. पोळ्या लाटतेच आहे, पण फ्रेंचही कामाला आलं. कसं आलं, तेच सांगते.

पलीकडच्या घरात एक अमेरिकन बाई राहायची. सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार, पण केस रोज नीट बसवलेले. तिचा नवरा म्हाताऱ्या वयातही सल्लागार म्हणून कंपनीला हवा होता, त्यामुळे दोघं इथेच राहिली होती. तिला नाद होता आपल्या पूर्वजांचा. ते म्हणे फ्रान्सहून जहाजात बसून कॅनडात गेले होते, फ्रेंच राजाची वसाहत होती तेव्हा. नदीकाठी जमिनीचा पट्टा मिळायचा, तो साफ करायचा, बर्फ उपसायचं आणि पोरं काढायची. तिचे पणजोबा पुढे अमेरिकेत कापडगिरणीत कामाला गेले आणि तिथे आडनाव इंग्रजी करून बसले. त्या आडनावाबरोबर भाषाही गेली. तिला फ्रेंचमध्ये 'नमस्कार' आणि 'लोणी' एवढंच यायचं. पूर्वजांच्या चर्चमधली जुनी दप्तरं आता घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात, पण पाद्रीबुवांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि तेही फ्रेंचमध्ये. एक दिवस ती केळ्यांचा केक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. केक ठीकच होता. पण मला काम फार आवडलं.

आवडलं, कारण त्या लोकांच्या नावांच्या तऱ्हाच तशा होत्या. मुलगी जन्मली की आधी येशूच्या आईचं नाव, मुलगा जन्मला की येशूच्या बापाचं, आणि मग खरं हाक मारायचं नाव. म्हणजे एका घरात आठ पोरी असल्या तर आठजणींचं पहिलं नाव तेच. शिपाई म्हणून आलेल्या माणसाला पलटणीत टोपणनाव मिळायचं, 'हसरा' म्हणा किंवा 'न-भिणारा' म्हणा, आणि तेच पुढे आडनाव होऊन बसायचं. एक भाऊ बापाचं आडनाव लावायचा, दुसरा टोपणनाव. मी शेजारणीला म्हटलं, आमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावला की काम भागतं, तुमच्या लोकांनी फारच घोळ घालून ठेवलाय. ती म्हणाली, घोळ नसता तर तू माझ्याकडे चहाला कशाला आली असतीस.

दोन गोष्टींनी मात्र मी थक्क झाले. एक, तिथली बाई लग्न झालं, पोरं झाली, म्हातारी होऊन मेली, तरी चर्चच्या दप्तरात माहेरच्याच आडनावाने राहायची. माझं आडनाव लग्नात बदललं, आणि पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागलं. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी कार्डावरही तेच अरबीत आहे, त्यामुळे दवाखान्यातली नर्स मला नवऱ्याच्या नावाने हाक मारते आणि मी निमूट उठते. आणि दुसरी, बारशाची. तिथे मुलाचं नाव आईबाप एकटे ठरवत नसत. नाव ठेवण्यात धर्ममातेचा, म्हणजे गॉडमदरचा वाटा मोठा असायचा. पाद्रीसमोर बाळाला हातावर घेऊन तीच उभी राहायची. मी म्हटलं, अहो, ही तर आमची आत्या.

आत्याचं सांगायला हवं. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकते, 'कुर्र' करते, कानात नाव सांगते, आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मग घुगऱ्या वाटायच्या. हल्ली नाव आईबापच ठरवतात, आत्या नुसती कानात सांगायचं काम करते. आमच्या घरीही तसंच ठरलं होतं. नाव मी निवडलं होतं. पोटात होती तेव्हापासून मी तिला त्या नावाने हाक मारत होते, भाजी चिरताना, आंघोळ करताना. नवरा तेव्हा इथे नवीन लागला होता, त्याला रजा मिळाली नाही. फोनवर नाव सांगितलं तर म्हणाला, छान आहे. नणंदेलाही सांगितलं. त्या वयाने मोठ्या, मी त्यांना ताई म्हणते. त्यासुद्धा छान म्हणाल्या.

आणि बारशाला, हॉल भरलेला, माझे आईवडील पहिल्या रांगेत, नवरा लॅपटॉपवर हलता-थांबता दिसतोय, ताई पाळण्यात वाकल्या, वर आल्या आणि त्यांनी भलतंच नाव जाहीर केलं. धपाटे पडले. सगळ्या हसल्या. मलाही हसावं लागलं, कारण फोटो चालले होते. संध्याकाळी मी फोनवर रडले तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. ताईचा मान असतो. आता चारचौघांत बोललेलं मागे कसं घेणार? आणि नाव काही वाईट नाहीये." नाव वाईट नव्हतंच. आजही नाहीये. माझं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून नणंदेवर माझा दात. त्यांनी दिवाळीला साडी पाठवली की मी ती कामवालीला द्यायचे. त्या फोनवर लेकीबद्दल म्हणाल्या 'आपली पिल्लू कशी आहे' की मी म्हणायचे, "तुम्ही नाव ठेवलंय ना, मग चांगलीच असणार." त्या गप्प बसायच्या. मला वाटायचं, मनात खातंय बाईला. खाई त्याला खवखवे. पण खाल्लं कुणी होतं आणि खवखव कुणाला, ते कळायला मला चौदा वर्षं आणि एक फ्रेंच खानदान लागलं.

शेजारणीचं अडलं होतं एका बाईपाशी. तिच्या वंशावळीत एका शेतकऱ्याच्या घरात एका नावाची एक बाई होती, आडनावाची अक्षरं पुसलेली, आणि तिचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. ती बाळंतपणात मेलेली दिसायची आणि नंतर वीस वर्षांनी तिचं लग्न लागलेलं दिसायचं. शेजारीण म्हणायची, माझी पूर्वज भूत आहे. मी सुट्टीचे दोन-तीन शुक्रवार पाद्रीबुवांच्या मुंग्या वेचत बसले आणि मग लक्षात आलं. या बाया दोन होत्या. पहिली, त्या शेतकऱ्याची बायको, बाळंतपणात गेली. त्याने वर्षाच्या आत दुसरी केली. दुसरीला मुलगी झाली, तिला पहिलीचं नाव दिलं. त्या लोकांत ही रीतच होती, मेलेल्या बायकोचं नाव दुसरीच्या पहिल्या मुलीला. आणि धर्ममाता म्हणून बाळाला हातावर घेऊन कोण उभं होतं? पहिलीची सख्खी बहीण. शेजारीण त्या मुलीची वंशज. इतकी वर्षं ती मेलेल्या बाईच्या नावाने मेणबत्ती लावत होती आणि जिने पोटात वाढवलं तिचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी भलतीच खुशीत घरी आले. जेवताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "बिचारा. त्याच्या हातात तेवढंच उरलं असेल."

"बिचारा?" मी म्हटलं. "दुसरी जन्मभर सवतीच्या नावाने स्वतःच्या पोरीला हाका मारत बसली, ती बिचारी नाही का? आणि गडी शहाणा बघ किती. स्वतः नाव सुचवायला तोंड नाही, मेहुणीच्या खांद्यावर बंदूक ठेवली. दुसरीने विचारलं तर सांगायला मोकळा, मी काय करू, धर्ममातेचा मान असतो."

नवरा उठला आणि भांडी घासायला लागला. कधी नाही ते. मी मनात म्हटलं, वा, सुधारणा आहे.

डिसेंबरात ताई आल्या. व्हिजिट व्हिसा आता सहज मिळतो, आणि इथला डिसेंबर म्हणजे सुखाची हवा. समुद्रावर स्वेटर घालून फिरावं, कणीस खावं. मी त्यांना बोलावलं नव्हतं, नवऱ्याने बोलावलं. पण आल्या तर आल्या, मी माणुसकी सोडत नाही. शेजारणीलाही त्यांना भेटायचं होतं, कारण मी आत्याची गोष्ट तिला सांगितली होती. एका दुपारी तिघी तिच्या अंगणात चहाला बसलो. ताईंचं इंग्रजी बेताचं, शेजारणीचं मराठी शून्य, मध्ये दुभाषी मी.

शेजारणीने आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगायला घेतली. मी वाक्यावाक्याला मराठी करत होते. मेलेली बायको, दुसरं लग्न, मुलगी, नाव, मावशी. मला तर पाठच होती, मी मीठमिरची लावून सांगितली. ताई ऐकता ऐकता गंभीर झाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पिल्लूसारखंच की गं."

मी म्हटलं, "आपल्या पिल्लूसारखं काय?"

"नावाचं." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "तुला सांगितलं ना त्याने? तू इतकं खुलून सांगत होतीस, मला वाटलं आता सगळं बोलून झालंय तुमचं."

"काय सांगितलं, ताई?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या लग्नाआधी एक मुलगी होती. त्यांच्याच समोरच्या इमारतीत राहायची. याने आणि तिने लग्न करायचं ठरवलं होतं, दोन्ही घरी माहीत होतं, सुपारी फुटायची होती. तापाचं निमित्त झालं आणि चार-पाच दिवसांत ती गेली. घरात कुणी पुन्हा तिचं नाव काढलं नाही. माझ्या घरच्यांनाही कुणी सांगितलं नाही. आणि बारशाच्या दिवशी सकाळी याने सौदीहून ताईंना फोन केला आणि ते नाव सांगितलं. फोनवर तो रडत होता. "मी म्हटलं, अरे तिला विचार," ताई म्हणाल्या. "तर म्हणाला, ती नाही म्हणेल. तू ठेव. तुझा मान आहे, तुला कोण बोलणार. मला म्हणाला, मी सावकाश सांगीन तिला. मी शब्द दिला."

शेजारीण माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, काय म्हणतेय ती?

मी इंग्रजीत सांगितलं की ती म्हणतेय, आमच्या घरातही नावाचा मान आत्याचाच. शेजारीण म्हणाली, किती सुंदर प्रथा. मी म्हटलं, हो.

मेलेल्या मुलीवर मी काय रागावणार. गेली तेव्हा ती माझ्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी होती. तापात गेली बिचारी. मला राग आला जिवंतांचा. ज्याच्याजवळ फोनवर मी त्या नावासाठी रडले, त्यानेच ते नाव आणून ठेवलं होतं. आणि वर मला समजावत होता, ताईचा मान असतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रक्त येत नाही, आणि आपण कापणाऱ्यालाच विचारतो, काही लागलंय का बघ रे.

दुसऱ्या दिवशी ताई आणि लेक मॉलमध्ये खजूर घ्यायला गेल्या आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. मी म्हटलं, "ताईंनी सांगितलं."

त्याने विचारलं नाही काय म्हणून. एसी कमी केला. मग म्हणाला, "मी सांगणार होतो."

"कधी? तिच्या लग्नात?"

"तेव्हा विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच तर विचारायचं असतं."

समोरून एक कुटुंब ट्रॉली ढकलत गेलं, पोरगं ट्रॉलीत बसलेलं. मी म्हटलं, "त्या मुलीचं तू मला लग्नाआधी सांगितलं असतंस, तर मी तुला जवळ घेतलं असतं. बारशाआधी सांगितलं असतंस तर कदाचित मीच ते नाव ठेवलं असतं. तू मला तेवढं मोठं होऊच दिलं नाहीस. आणि बहिणीला माझ्या तोंडी दिलंस. एवढी वर्षं मी तिला टोचून बोलले, ती ऐकत राहिली, तूही ऐकत राहिलास. एकदा तरी म्हणायचंस की तिला बोलू नको."

"चुकलं माझं," तो म्हणाला. लगेच म्हणाला, "पिल्लूला मात्र सांगू नकोस. तिला ते नाव फार आवडतं."

म्हणजे आता मीही त्यात. आधी ताईंच्या खांद्यावर बंदूक होती, आता माझ्या. मला इतका संताप आला की मी दार उघडून खाली उतरले आणि ट्रॉल्यांच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. तिथला बांगलादेशी कामगार विचारायला लागला, मॅडम, ट्रॉली चाहिये? मी म्हटलं, नको, आणि तरी एक घेतली.

ताईंना मी रात्रीपर्यंत काही बोलले नाही. त्यांची भाजी निवडून झाली तेव्हा म्हणाल्या, "मला बोल काय बोलायचं ते." मी म्हटलं, "तुम्हाला एवढी वर्षं बोललेच की. शिल्लक काही नाही." ते खरं नव्हतं. त्यांनी भावाला शब्द दिला आणि पाळला, ठीक आहे. पण पाळण्यात वाकल्या तेव्हा त्या पोरीच्या आईकडे एकदा बघायला हवं होतं. मी तिथेच उभी होते.

ताई भारतात परत गेल्या. घरात आम्ही बोलत होतो, दूध आणलंस का, इकाम्याचं झालं का, इतपत. पण माझ्या तोंडून लेकीचं नाव येईना. मी तिला 'अगं' म्हणायचे, 'बाळा' म्हणायचे, 'ए चिमणे' म्हणायचे. नाव जिभेवर आलं की समोरच्या इमारतीतली एक मुलगी दिसायची, जिचा फोटोही मी पाहिलेला नव्हता. मला त्या दुसऱ्या बायकोची आठवण यायची, नदीकाठच्या बर्फातली. तिला मी जेवणाच्या टेबलावर किती सहज 'बिचारी' म्हणून मोकळी झाले होते. ती दारात उभी राहून पोरीला काय म्हणून हाक मारत असेल? पाद्रीबुवांनी ते काही लिहून ठेवलेलं नाही.

शेजारणीचा फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लागला तेव्हा निरोपाला तिने मला वंशावळीचा मोठा तक्ता छापून दिला. त्यात त्या दुसरीला तिने तिच्या स्वतःच्या, माहेरच्या आडनावासकट, ठळक अक्षरांत बसवलं होतं. म्हणाली, ही तू मला दिलीस. मी तो तक्ता घरी आणला आणि टेबलावर पसरला. लेक शाळेतून आली, वाकून बघायला लागली.

"आई, व्हाय डझ शी हॅव द डेड वन्स नेम?"

मी रीत समजावून सांगितली. ती म्हणाली, "वीअर्ड." मग म्हणाली, "माझं आत्याने ठेवलं ना? तू काय ठेवलं असतंस?"

नवरा स्वयंपाकघरात होता, हल्ली तो बराच वेळ स्वयंपाकघरात असतो. भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, सांगावं सगळं, होऊन जाऊ दे एकदा. पण तिने विचारलं होतं तेवढंच मी सांगितलं. पोटात होती तेव्हापासून जपलेलं माझं नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडावर उच्चारलं.

तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, नवीन चप्पल पायात घालून बघावी तसं. मग मान हलवली. "नाइस आहे. पण ही कुणीतरी दुसरीच मुलगी वाटते."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार. जी मुलगी मी नऊ महिने हाका मारून बोलावली ती आलीच नव्हती, आणि जी आली ती चौदा वर्षं माझ्या हातचं जेवून समोर उभी होती. तिचं नाव तिचंच होतं. तिच्या वह्यांवर होतं, मैत्रिणींच्या तोंडात होतं, इकाम्यावर अरबीतसुद्धा होतं. एकट्या माझ्याच तोंडात ते मेलेल्या मुलीचं होऊन बसलं होतं.

ती आत खोलीत गेली. मी तक्ता गुंडाळून ठेवला, कुकर उघडला, भात काढला. आणि तिला हाक मारली, तिच्या नावाने, मोठ्यांदा, जेवायला ये म्हणून.

ती आतून म्हणाली, "आले."

आणि ताटं मांडणाऱ्या नवऱ्याने मान वर केली. ही मान तो दर वेळी वर करतो. इतकी वर्षं मला वाटायचं, भूक लागली असेल.